काचेच्या पात्रांतील पोवळीं

नोकरीनिमित्त जर्मनींत राहिलेल्या आमच्या एका भाच्याचें पत्र गेल्या पावसाळ्यांत आलें. त्यानें आपल्या बैठकीच्या खोलींत खाऱ्या पाण्याची एक काचेची टांकी ठेविली असून तींत जिवंत पोवळीं वाढविलीं आहेत. घरच्या मंडळींची विचारपूस दोन ओळींत आटपून त्यानें पुढचीं तीन पानें या पोवळ्यांच्या दुखण्यास दिलीं होतीं. मीठ बरोबर, उष्णता बरोबर, चुन्याचें प्रमाण बरोबर. तरीही सर्वांत वरच्या दगडावरचें फांद्यांचें पोवळें पंधरा दिवसांत पांढरें पडत चाललें होतें. "मामा, तुम्ही इतिहास लिहितां, अशा वेळीं पूर्वींचे लोक काय करीत तें तरी कळवा," असा पत्राचा शेवट होता.

अंगावरचें पोवळें फिकट झालें कीं तें धारण करणाऱ्याच्या प्रकृतीस अपाय होणार, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि युरोपांतही ती होती. भाच्याच्या घरीं प्रकार उलटा झाला होता. तेथें दुखणें पोवळ्याचें होतें, आणि तें ज्याच्या हवालीं होतें त्याचें कांहीं तरी चुकलें आहे एवढेंच तें सांगत होतें. काय चुकलें हें सांगण्याची विद्या आमच्यापाशीं नव्हती. तथापि प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून आम्हीं त्याचा माग काढावयाचें ठरविलें. आणि हा माग दोन तीन शतकें मागें नेऊन पुन्हां त्याच टांकीपाशीं आणून सोडतो हें पाहून आमचें आम्हांसच नवल वाटलें.

प्रथम एक गोष्ट सांगून ठेविली पाहिजे. सराफाच्या दुकानांत मंगळाचें रत्न म्हणून मिळतें तें लाल पोवळें मुख्यत्वेंकरून भूमध्यसमुद्रांतलें. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नमूद केलें आहे कीं, हिंदुस्थानच्या मोत्यांस रोमन लोक जितकें मोल देत, तितकेंच मोल हिंदुस्थानांतले लोक पोवळ्यांस देत. म्हणजे पोवळ्यांशीं आपली ओळख दोन हजार वर्षांची आहे. परंतु ती मेलेल्या, घांसून गोल केलेल्या पोवळ्यांशीं. जिवंत पोवळें म्हणजे काय, तें दगड कीं झाड कीं प्राणी, हा वाद अठराव्या शतकापर्यंत मिटला नव्हता. आणि तो मिटला तो एका काचेच्या भांड्यामुळें.

इ. स. १७०६ च्या सुमारास काउंट मार्सिली नांवाचा एक इटालियन सरदार मार्सेयजवळच्या समुद्रकांठीं संशोधन करीत होता. नुकतीच काढलेली लाल पोवळ्याची फांदी त्यानें समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या काचेच्या भांड्यांत घातली. कांहीं वेळानें पाहतो तों फांदीवर आठ आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमललेलीं! फांदी बाहेर काढावी तर फुलें नाहींशीं होत. पुन्हां पाण्यांत सोडावी तर तीं परत येत. पोवळें ही फुलें येणारी वनस्पति आहे असा निकाल त्यानें दिला, आणि तो विद्वानांस मान्य झाला. पुढें मार्सेयच्याच पेसोनेल नांवाच्या वैद्यानें तीं फुलें अधिक चिकाटीनें न्याहाळलीं. स्पर्श होतांच तीं दचकल्यासारखीं आंत ओढलीं जातात, तीव्र द्रव ओतला तर आंखडतात. समुद्रफूल नांवाच्या प्राण्याची जी वागणूक, तीच यांची. तेव्हां हीं फुलें नव्हेत, प्राणी होत, असें त्यानें पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविलें. तेथें रेओमूर या थोर शास्त्रज्ञानें १७२७ सालीं त्याचें मत मांडलें तें खोडून काढण्यासाठीं, आणि बिचाऱ्याचें हसें होऊं नये म्हणून त्याचें नांव गाळून! पंधरा वर्षांनीं रेओमूरला आपला शब्द मागें घ्यावा लागला. तोंपर्यंत पेसोनेल अटलांटिकपलीकडच्या ग्वादेलूप बेटावर वैद्यकी करीत होता. त्याचा ग्रंथ अखेर १७५१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आला.

भांडें तसलेंच, पाणी तेंच, फांदीही तसलीच. एकास त्यांत फूल दिसलें, दुसऱ्यास प्राणी दिसला. पोवळ्याकडे पाहणाऱ्यांच्या चुका बहुधा अशाच असतात. दिसतें तें बरोबर दिसतें, अर्थ मात्र चुकतो. पेसोनेलनें जें पाहिलें त्याचा आज ठरलेला अर्थ असा: पोवळें ही पुष्कळशा चिमुकल्या प्राण्यांची एकत्र वसाहत आहे, प्रत्येकास एक मुख, मुखाभोंवतीं स्पर्शकांचें कडें, आणि बुडाशीं त्यानेंच पाझरविलेल्या चुन्याची बैठक. बैठका सांठत जातात आणि त्यांचाच पुढें खडक होतो.

परंतु पाहण्यापुरतें चार दिवस ठेवणें निराळें आणि घरांत वर्षानुवर्षें जगविणें निराळें. ही दुसरी गोष्ट प्रथम साधली ती कोणा प्राध्यापकास नव्हे, तर ॲना थाइन नांवाच्या एका इंग्रज गृहिणीस. हिचे पति लॉर्ड जॉन थाइन हे वेस्टमिन्स्टर ॲबीचे एक धर्माधिकारी. १८४६ सालच्या शरदांत ही बाई टॉर्कीच्या समुद्रकांठीं गेली असतां तेथील खडकांवर वाढणारीं लहान कडक पोवळीं तिच्या मनांत भरलीं, आणि तीं तिनें एका दगडी बरणींत घालून लंडनला आणलीं. वाटेंत तीं हिंदकळून एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून तिनें तीं सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजास टांचलीं होतीं. हा उपाय कोणत्याही शास्त्रीय पुस्तकांत नव्हता. तो शिवणकाम जाणणाऱ्या हातासच सुचावयाचा.

लंडनला समुद्र नाहीं. पाणी किनाऱ्यावरून मागवावें लागे आणि तें एक दिवसाआड बदलावें लागे. पाण्याचा पुरवठा आंखडला तेव्हां तिनें जुनेंच पाणी ताजें करण्याची तजवीज केली: उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत, असें अर्धा पाऊण तास उंचावरून ओतीत राहावयाचें. हें काम अर्थात् बाईसाहेबांनीं स्वतः केलें नाहीं; घरांतल्या एका लहान मोलकरणीनें केलें, आणि तिला त्यांत गंमत वाटे असें बाईंनीं लिहून ठेविलें आहे. त्या मुलीचें नांव इतिहासानें राखलें नाहीं. आमच्या मतें खाऱ्या पाण्याच्या टांकीस आज जे विजेचे पंप लावतात त्या सर्वांची ती मूळ जननी होय. पाणी हललें पाहिजे आणि त्यांत हवा मिसळली पाहिजे, ही पोवळ्याची पहिली गरज तिच्या दुखणाऱ्या मनगटांनीं भागविली. स्थिर पाण्यांत पोवळ्याच्या अंगाभोंवतीं त्याचीच घाण सांचते आणि तें गुदमरतें, हें कारण पुढें कळलें.

१८४७ च्या वसंतांत थाइनबाईनें किनाऱ्यावरून समुद्रशेवाळ असलेले दगड मागविले आणि ते त्याच भांड्यांत ठेविले. उजेडांत शेवाळ प्राणवायु सोडतें हें ठाऊक झालें होतेंच. त्याचा प्रत्यय तिला भांड्यांत आला. पाणी बदलण्याची यातायात कमी झाली आणि पोवळीं तीन वर्षें जगलीं. नुसतीं जगलीं नाहींत, वाढून त्यांना पिलेंही झालीं. या वाढीची हकीगत तिनें १८५९ सालीं एका इंग्रजी शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध केली.

या यशांत एक दैवाचा भागही होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढच्या शंभर वर्षांतल्या अपयशाचा उलगडा व्हावयाचा नाहीं. टॉर्कीचें पोवळें थंड पाण्यांतलें, एकेकटें राहणारें, आणि मिळेल तें खाऊन जगणारें. त्याला उजेडाची गरज नव्हती. उष्ण समुद्रांत मोठमोठे खडक बांधणाऱ्या पोवळ्यांची गोष्ट अगदीं वेगळी आहे. परंतु हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें, आणि लोकांस वाटलें कीं कोडें सुटलें.

तसें वाटण्यास एक विद्वान साह्यभूत झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. त्यानें १८४९ सालीं सुमारें बारा गॅलनांच्या काचपात्रांत गोडें पाणी, दोन लहान सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति ठेविली. वनस्पतीचीं पानें कुजूं लागून पाणी नासलें, तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, त्यांचीं अंडीं माशांस झालीं, आणि पाणी निवळलें. १८५० सालीं रसायन मंडळापुढें त्यानें ही हकीगत वाचली. प्राणी, वनस्पति आणि घाण खाणारे यांचा समतोल साधला कीं पाणी बदलावेंच लागत नाहीं, हा सिद्धांत यांतून निघाला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचें या विषयावरचें सुंदर पुस्तक निघालें. आणि समुद्राची टांकी बाळगणें ही इंग्लंडांतल्या मध्यमवर्गाची हौस होऊन बसली.

समतोलाचा हा सिद्धांत सुंदर आहे, आणि आम्हांस वाटतें कीं तो सुंदर आहे म्हणूनच त्यानें इतकें नुकसान केलें. मोठ्या समुद्रांत जें हजारों मैलांच्या पसाऱ्यानें साधतें, तें घागरभर पाण्यांत आपोआप साधेल असें समजून लोक निर्धास्त झाले. ज्यानें पाणी बदललें तो अडाणी ठरूं लागला! एडिंबरोच्या सर जॉन डॅलिएल याची गोष्ट याच काळांतली. त्यानें १८२८ सालीं समुद्रकांठून आणलेलें एक समुद्रफूल साध्या काचेच्या भांड्यांत ठेविलें होतें. त्यांत ना शेवाळ, ना गोगलगाई, ना समतोल. पाणी मात्र नेमानें बदललें जाई. डॅलिएल १८५१ सालीं वारला. तें समुद्रफूल एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलें, त्याला लोक 'आजी' म्हणूं लागले, आणि आजीबाई १८८७ सालीं वारल्या. समतोलवाल्यांच्या किती टांक्या तोंवर मोडीत निघाल्या असतील त्याची गणती कोणी केली नाहीं.

गॉसनें आणखी एक धाडस केलें. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं त्यानें १८५४ सालीं कृत्रिम समुद्रजलाची कृति दिली: चार क्वार्ट पाण्यास ३॥ औंस साधें मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट म्हणजे आपलें जुलाबाचें मीठ, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड. बस्स. चुन्याचे क्षार पाण्यांत फारच थोडे असतात आणि नीट विरघळतही नाहींत, म्हणून त्यानें ते वगळले. लंडनचें पाणी मुळांतच चुनखडीचें, त्यामुळें ही उणीव तेथें कदाचित् थोडीबहुत भरून निघत असेल. परंतु ज्या प्राण्याचें सारें घर चुन्याचें, त्याच्या पाण्याच्या कृतींतून चुनाच गळावा, हें आज वाचतांना चमत्कारिक वाटतें खरें.

ही हौस दहा बारा वर्षांत ओसरली. मागें राहिली ती किनाऱ्याची दैना. हातांत हातोडी आणि बरण्या घेऊन आलेल्या हौशी मंडळींनीं डेव्हनच्या खडकांतलीं कुंडें कशीं ओस पाडलीं, याचें वर्णन गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत केलें आहे. त्याच्या बापाच्याच पुस्तकांनीं ही झुंबड उडाली होती, आणि बापास त्याचें दुःख होतें. आपल्याकडे २००१ सालीं खडक बांधणाऱ्या पोवळ्यांस वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांत वाघाच्या पंक्तीस बसविण्यांत आलें. मालवणच्या समुद्रांतलें पोवळें काढून घरीं ठेवणें हा तेव्हांपासून गुन्हा आहे. टांकींतल्या पोवळ्यांचा प्रश्न आमच्या भाच्यास पडतो आणि पुण्याच्या आमच्या शेजाऱ्यांस पडत नाहीं, याचें कारण हेंच. आणि तें आम्हांस योग्य वाटतें.

वॉरिंग्टनच्या घराण्याशीं मात्र आमचें काम अजून संपलें नाहीं. त्याचा मुलगा, तोही रॉबर्टच, रॉथम्स्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत नोकरीस होता. शेणखतांतल्या अमोनियाचें जमिनींत शोरा-क्षारांत रूपांतर होतें, तें कसें होतें हा त्याचा विषय. शिल्ज्यां आणि म्यूंट्स या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें कीं तें काम जिवंत सूक्ष्मजंतु करतात. धाकट्या वॉरिंग्टननें त्याच्यापुढें पाऊल टाकलें: काम दोन टप्प्यांत होतें, एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट करितात. हे जंतु वेगळे काढण्याचें यश १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास आलें.

बापाच्या टांकींत गोगलगाईंनीं जें केलें असें सर्वांनीं मानलें, त्याचा मोठा भाग वास्तविक हे अदृश्य जंतु करीत होते! माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया हें पाण्यांतलें खरें विष. दगडावाळूवर जंतु पोसले गेले कीं तें विष सौम्य होतें. नवी टांकी मांडून पहिल्याच आठवड्यांत जीव सोडले तर जंतु अजून तयार नसतात आणि जीव मरतात. बापाचें कोडें मुलानें सोडविलें, पण तें बापाचें कोडें आहे हें त्याला उमगलें नाहीं. तो शेताकडे पाहत होता. टांक्या बाळगणाऱ्यांच्या पुस्तकांत हें ज्ञान रुजण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मधल्या काळांत विल्यम आल्फर्ड लॉइड नांवाच्या एका व्यापाऱ्यानें केवळ अनुभवानें एक गोष्ट ताडली होती. १८७१ सालच्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयांत त्यानें दर्शनी टांक्यांखालीं त्यांहून मोठा, अंधारा हौद बांधला आणि पाणी सतत त्यांतून फिरतें ठेविलें. आमच्या भाच्याच्या टांकीखालच्या कपाटांत तसाच एक लहान हौद आहे. लॉइडचें नांव त्यानें ऐकलें नव्हतें.

आतां उष्ण समुद्रांतल्या पोवळ्यांकडे वळूं. कारण पांढरें पडण्याचें मर्म तेथें आहे. समुद्रफुलें आणि तत्सम प्राण्यांच्या शरीरांत सूक्ष्म पिंवळसर पेशी दिसतात, त्या त्यांच्या स्वतःच्या नसून त्यांत राहणाऱ्या शेवाळाच्या आहेत, असें कार्ल ब्रांट या जर्मनानें १८८१ सालीं सांगितलें. पुढल्या वर्षीं पॅट्रिक गेडिस यानें त्यास पुष्टि दिली. (हेच गेडिस पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.) खडक बांधणाऱ्या पोवळ्यांच्या अंगांत हे भाडेकरी दाटीवाटीनें राहतात, आणि पोवळ्याचा तपकिरी रंग त्यांचाच. पण हे भाडेकरी घरमालकास देतात काय?

या प्रश्नावर मोठा वाद माजला. १९२८–२९ सालीं सी. एम. योंग याच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश मंडळी ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवरील लो आइल्स या बेटांवर वर्षभर जाऊन राहिली. योंगनें पोवळीं काळोख्या पेट्यांत कोंडलीं. त्यांच्यांतलें शेवाळ गेलें, तीं पांढुरकीं झालीं, पण अन्न मिळत राहिलें तोंवर तीं मेलीं नाहींत. उष्णता वाढली असतां किंवा उपासमार झाली असतां पोवळें आपल्या भाडेकऱ्यांस बाहेर टाकतें, हेंही त्या मंडळींनीं पाहिलें. त्यावरून योंगनें ठरविलें कीं पोवळें मांसाहारी आहे आणि शेवाळाचा उपयोग घाण शोषून घेण्यापुरताच. येथें पुन्हां मार्सिलीची आठवण होते. निरीक्षण बिनचूक, निष्कर्ष अपुरा. १९५८ सालीं मस्काटीन व हँड या दोघांनीं किरणोत्सर्गी कार्बन वापरून दाखविलें कीं समुद्रफुलांतलें शेवाळ उजेडांत तयार केलेलें अन्न यजमानास पोंचवितें. आणि १९५९ सालीं टॉमस गोरो यानें सिद्ध केलें कीं पोवळें काळोखापेक्षां उजेडांत किती तरी जलद चुना बांधतें. घरभाडें अन्नानें चुकतें होतें, आणि घराच्या बांधकामासही भाडेकऱ्यांचाच हातभार लागतो.

तेव्हां पांढरें पडलेलें पोवळें आणि मेलेलें पोवळें यांत भेद आहे. भाडेकरी निघून गेले तरी पोवळ्याची पारदर्शक कातडी जागेवर असते आणि तिच्याखालचा पांढरा चुना दिसूं लागतो. बारकाईनें पाहिलें तर स्पर्शक हलतांना दिसतात. असें पोवळें कांहीं आठवडे तग धरूं शकतें. याउलट कातडीच सुटून चुना उघडा पडला, तर त्या भागाची आशा नाहीं. चार दिवसांत त्यावर हिरवें शेवाळ चढतें. फांदीच्या पोवळ्यांत हें सोलणें कधीं कधीं बुडापासून शेंड्याकडे एका दिवसांत जातें, आणि अशा वेळीं निरोगी शेंडा कापून वेगळा ठेवणें हाच काय तो उपाय. पोवळें मळकट तपकिरी झालें तर पाण्यांत नायट्रेट फार किंवा उजेड थोडा, म्हणून भाडेकरी बेसुमार वाढले असें समजावें. आणि टांकींतलीं सगळीं पोवळीं एकदम मिटून बसलीं तर पाण्यांतच कांहीं कालवलें गेलें आहे. माशांच्या रोगावर मोरचुदाचें औषध देण्याची जुनी चाल आहे. मासा त्यानें वांचतो, पोवळें मात्र मरतें.

घरगुती टांकींत उष्ण समुद्रांतलीं पोवळीं जगविण्याची वाट उघडली ती जाकार्ता शहरांत. तेथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं आपली रीत एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली: समुद्रांतून जिवंत दगड आणावयाचे, म्हणजे ज्यांच्या भेगाभेगांतून जंतु, किडे, शेवाळ नांदत आहे असे, थोडे हवेचे बुडबुडे सोडावयाचे, आणि उजेड द्यावयाचा. पाश्चात्य छांदिष्टांनीं त्या वेळीं दगड उकळून निर्जंतुक करण्याचा सपाटा चालविला होता. त्यांस हें पटेना. शिवाय समुद्र आणि सूर्य हे दोन्ही एंग यांच्या दाराशीं होते. बर्लिनमध्यें ते नव्हते. म्हणून जर्मन मंडळींनीं सूर्याच्या जागीं प्रखर दिवे लाविले, पाण्यांत बुडबुड्यांचा स्तंभ करून त्यावरचा घाण धरलेला फेस बाहेर काढणारें यंत्र जोडलें, आणि चुन्यासाठीं एक असा उपाय काढला कीं तो वाचून आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका हंसल्या. पीटर विल्केन्स यानें १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणलेला हा उपाय म्हणजे चुन्याची निवळी! कळीचा चुना पाण्यांत कालवावा, गाळ बसूं द्यावा, आणि वरचें नितळ पाणी, टांकींतलें जेवढें पाणी वाफेनें गेलें असेल तेवढें, रात्रीं थेंब थेंब सोडावें. एकदम ओतूं नये. तसें केल्यास पाण्याचा क्षारपणा उसळतो आणि असलेला चुनाही गोठून तळाशीं बसतो. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरमागें सुमारें ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. गॉसनें क्षुल्लक म्हणून गाळलेली हीच ती वस्तु. सव्वाशे वर्षांनीं ती पानाच्या डब्यांतून परत आली. बर्लिनचे डीट्रिक श्ट्यूबर यांनीं या रीतीनें फांद्यांचीं पोवळीं इतकीं वाढविलीं कीं तीं तोडून मित्रांत वांटलीं, आणि त्या तुकड्यांची संतति आज अनेक देशांतल्या टांक्यांत आहे.

हें सारें वाचून झाल्यावर आम्हीं भाच्यास एकच प्रश्न लिहून विचारला: पांढरें पडण्यापूर्वीं महिनाभरांत घरांत काय बदललें? उत्तर दुसऱ्या दिवशींच आलें. जुन्या नळीच्या दिव्यांऐवजीं त्यानें नवा एलईडी दिवा आणला होता. विजेची बचत म्हणून. तीन पानांच्या पत्रांत त्याचा उल्लेख नव्हता. पाण्याच्या सगळ्या कसोट्या त्यानें लावल्या, पण दिवा पाण्यांत नसल्यानें तो कोणत्याच कसोटींत आला नाहीं. सर्वांत वरचें, दिव्याच्या अगदीं खालचें पोवळें तेवढें पांढरें पडलें होतें; खालच्या दगडांच्या सावलींतलीं बरीं होतीं. उजेड एकाएकीं वाढला कीं भाडेकऱ्यांचें अन्न करण्याचें यंत्र बिघडतें, त्यांतून निघणारें विष पोवळ्यास सोसत नाहीं, आणि तें त्यांस घराबाहेर काढतें. उष्णतेनेंही हेंच होतें. म्हणूनच १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुढें जगांतल्या समुद्रांतलीं पोवळीं एकसमयावच्छेदेंकरून पांढरीं पडलीं. उष्ण समुद्रांतलीं पोवळीं आपल्या मरणाच्या उष्णतेच्या अगदीं थोड्या अंशांखालीं जगत असतात, हें अमेरिकन शास्त्रज्ञ मेयर यानें फ्लॉरिडाजवळच्या बेटांवर प्रयोग करून १९१४ सालींच सांगून ठेविलें होतें.

दुसरीही एक गोष्ट त्या उत्तरांत निघाली. रंग उडूं लागल्याबरोबर गांगरून त्यानें पहिल्याच आठवड्यांत तीन निरनिराळ्या औषधांच्या बाटल्या पाण्यांत ओतल्या होत्या. त्यांतल्या कशानें काय झालें हें आतां ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. बाटल्या बंद करून, थोडें थोडें पाणी नव्या खाऱ्या पाण्यानें बदलण्यास आणि दिवा वर चढवून त्याचे तास कमी करण्यास त्यानें सुरुवात केली. रात्रीं बारीक अन्नही देऊं लागला, कारण भाडें बंद झालेल्या घरमालकास हातावर पोट भरणें भाग असतें. दोन महिन्यांनीं आलेल्या चित्रांत मधल्या फांद्यांवर तपकिरी झांक दिसत होती. वरचे चार शेंडे मात्र गेले. त्यांवर शेवाळ चढलें होतें आणि ते त्यानें कापून टाकिले.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत २०१३ सालीं काचेच्या टांकींतल्या पोवळ्यांनीं ठरविलेल्या हंगामांत अंडीं सोडलीं. त्यासाठीं जेमी क्रॅग्ज आणि त्यांचे सहकारी यांनीं समुद्रांतले ऋतु, सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्राच्या कला हें सारें दिव्यांनीं आणि उष्णतेच्या यंत्रांनीं खोलींत उभें केलें होतें. त्याच विद्येच्या आधारें फ्लॉरिडांत २०१९ सालीं अटलांटिकच्या स्तंभपोवळ्याची वीण टांकींत झाली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत तेथला समुद्र तापला तेव्हां पुष्कळ पोवळीं किनाऱ्यावरच्या टांक्यांत हलवून तगविण्यांत आलीं. हॉर्निमन संग्रहालय लंडनच्या दक्षिण भागांत आहे; वेस्टमिन्स्टरमधल्या ज्या खिडकीपाशीं उभी राहून ती मुलगी पाणी ओतीत असे, तेथून सुमारें पांच मैलांवर.